येतोबाई

आमच्या बाईंना सगळे पाठीमागे 'येतोबाई' म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं आणि मला त्याची लाज नाही. मी केंद्राची गाडी चालवतो. कुणाचं मन बिथरलं, कुणाला जीव नकोसा झाला, की आमच्याकडे फोन येतो. फोनवर भागलं नाही, तर बाई आणि मी त्याच्या दारात जाऊन उभे राहतो. सोबत पोलीस नाही, भोंगा नाही. केंद्र म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या.

बाईंचा नियम एकच. माणूस फोनवर काय सांगतो ते ऐकायचंच, पण फोन ठेवताना काय म्हणतो ते जास्त ऐकायचं. परत यायचं असतं तो 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हणाला की गाडी काढायची. त्यांचा थोरला भाऊ एका सकाळी 'जातो' म्हणाला होता. आईने दटावलं, तो नुसता हसला आणि गेला तो गेलाच. एकदा टपालवाला सहज 'जातो' म्हणाला, तर बाईंनी त्याला बसवून चहा पाजला आणि घरची खुशाली विचारून बेजार केलं. नंतर तो पत्रं खाली शिंप्याकडेच टाकायला लागला.

मग अनुदान देणाऱ्या कार्यालयातून साहेब आले. बोलणं मऊ, शर्टाला कडक इस्त्री. त्यांचं म्हणणं, गाडी फार वेळा उगाच धावते; तुम्ही पोचता तेव्हा माणूस टीव्ही बघत बसलेला असतो. फोन चालू राहील, गाडीचं अनुदान पुढच्या महिन्यापासून बंद. बाई म्हणाल्या, तो असा जिवंत बसलेला सापडावा, यासाठीच तर गाडी लागते. पण पालथ्या घड्यावर पाणी. माझं डोकं तापलं होतं. ड्रायव्हरला कोण विचारतो, म्हणून गाडीची किल्ली बोटावर फिरवत राहिलो.

साहेब उठले. दारात वळून म्हणाले, "बरं. जातो मी."

जिन्यावर पावलं वाजायला हवी होती, ती वाजलीच नाहीत. मी डोकावलो, तर साहेब मधल्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून उभे. बऱ्याच वेळाने खाली उतरले. बाई म्हणाल्या, गाडी काढ. मला वाटलं, बाई आता वचपा काढतायत.

भर दुपारी रस्ता ओस पडला होता. साहेब कार्यालयाच्या उलट दिशेने चालले होते. आमच्या गाडीचा खडखडाट दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जातो, पण त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. एका इमारतीत शिरून ते वर गेले. आम्ही मागोमाग गेलो.

घराचं दार सताड उघडं होतं. आत सगळ्या सामानावर पांढऱ्या चादरी. भिंतींवर फोटो उतरवल्याचे फिकट चौकोन. फ्रिज रिकामा करून, पुसून, उघडा ठेवलेला. चादर घातलेल्या खुर्चीवर साहेब बूट काढून बसले होते, आपल्याच घरात पाहुण्यासारखे.

"तुम्हाला कुणी कळवलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच," बाई म्हणाल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या.

साहेब हळूहळू बोलू लागले. बायको वारल्यापासून आतल्या खोलीत कुणीतरी कपाट आवरत असल्याचा आवाज यायचा. रोज. शेवटी वाटलं, आपणच सगळं आवरून टाकावं. बाईंनी त्यांना भास होतो म्हटलं नाही. आत्ता येतोय का आवाज, एवढंच विचारलं. साहेबांनी कान दिला. मीही दिला, आणि का दिला असं झालं.

"आत्ता नाही," ते म्हणाले. "तुम्ही आहात ना."

दवाखान्याकडे नेताना त्यांनी सांगितलं, की गाडी बंद करायचा आदेश सकाळीच सही होऊन वर गेलाय, आता त्यांच्या हातात काही नाही. मग विचारलं, पुढच्या महिन्यात माझ्यासारख्याकडे कोण येणार? उत्तर माझ्या जिभेवर होतं. आरशात त्यांचा चेहरा दिसला आणि मी ते गिळलं.

बाईंनी त्यांचा हात धरून ठेवला होता. म्हणाल्या, "फोन असेल की. तुम्ही केला असता?"

साहेबांनी मान हलवली. नाही.