बाईंची शेवटची उपमा

उपमा अलंकार तुम्ही कशासाठी शिकलात? परीक्षेतल्या दोन गुणांसाठीच ना? टाकवे बुद्रुकच्या शाळेत आमच्या मराठीच्या बाईंपुढे असं म्हणायची सोय नव्हती. पुस्तकातलं उदाहरण त्या चालवूनच घेत नसत. "चंद्रासारखं मुख नको. ते कुणीतरी आधीच बघून ठेवलंय. काल तुमच्या घरात कोण काय बोललं, ते सांगा." मग ते वाक्य फळ्यावर यायचं, आणि पुस्तकात कवीचं नाव असतं तसं खाली बोलणाऱ्याचं नाव.

माझ्या आईचं नाव असंच फळ्यावर गेलं. वडिलांविषयी ती म्हणाली होती, "ह्यांचा राग दुधाच्या उतावानी. फुकर मारली की खाली." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "राग हे उपमेय, ज्याच्याविषयी बोलायचं ते. दुधाचा ऊत हे उपमान. आणि 'वानी' हा शब्द 'सारखा'पेक्षा तसूभरही कमी नाही." घरी सांगितलं तर आईने कपाळावर हात मारला. "अगं बया! पुसाय सांग त्यांना. ह्यांनी बगितलं तर दूध खरंच उतू जाईल!"

आमच्या घरी पुस्तकं नव्हती. वडिलांच्या कामगार संघटनेची पत्रकं होती. मी त्यांवरच वाचायला शिकले. कॉलेजात असताना कंत्राटी कामगारांसाठी पहिलं पत्रक लिहिलं, 'रक्ताच्या नद्या वाहतील' असं ठणकावून, आणि ते बाईंना दाखवलं. वर्गाबाहेर त्या परंदवडीच्या, आपल्या माहेरच्या बोलीतच बोलायच्या. "अतिशयोक्ती वाईट न्हाई गं. पण नदी दावलीस, माणूस कुटं हाय? एकाचं यंत्रात गेल्यालं बोट तरी दाव." मी पत्रक पुन्हा लिहिलं. लोकांनी ते घडी घालून खिशात ठेवलं. आजही लिहायला बसले की आधी ते बोट शोधते.

निवृत्तीनंतर बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, वस्तूंची नावं मात्र गेली. चहाला चहा म्हणता येईना. "ते... ओल्या मातीवानी... कपात," म्हणायच्या. उपमान शिल्लक होतं, उपमेय गेलं होतं. मुलगा त्यांना वराळ्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला.

"आई काहीही बरळते," तो म्हणाला. मी भडकले. "दादा, त्या बरळत नाहीत, बोलतायत!"

"तुला कळतं गं. तू तासभर येतेस. मी शिफ्टला गेल्यावर हिला काय हवंय ते कोण ओळखणार?"

एवढी भाषणं ठोकणारी मी, पिशवी उचलून निघाले. त्याने त्यांना लोणावळ्याच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं.

तिथल्या बायका मायाळू होत्या, पण प्रत्येकीच्या मागे दहा खाटा. बाई पुन्हा पुन्हा एकच म्हणायच्या, "खाचरात... आभाळ उतरल्यावानी... तसं..." आणि लगेच पाण्याचा पेला पुढे यायचा. बाई तो बाजूला सारायच्या. "आजी लय हट्टी हायेत," एक जण मला म्हणाली.

मी गेले तेव्हा बाईंनी माझं मनगट धरलं आणि तेच सांगितलं. मी विचारत सुटले. "पाणी? आरसा? गावाला जायचंय? दादाला बोलावू?" प्रत्येक शब्दाला मान नाही म्हणत राहिली. शेवटी त्यांनीच माझा हात थोपटला, मठ्ठ पोरीला समजावावं तसा. पुढच्या भेटीआधीच बाई गेल्या.

त्यांना काय हवं होतं, मला आजही माहीत नाही. लावणीआधीचं, पाण्याने भरलेलं भाताचं खाचर डोळ्यांपुढे येतं, त्यातलं आभाळही दिसतं. कशाला आभाळ म्हणत होत्या, तेवढं दिसत नाही. ते दुसऱ्या कुणाला आता विचारताही येणार नाही.

हे माझं पत्रक समजा. तुमच्या घरात, तुमच्या आळीत कुणाचे शब्द असे हरवले असतील, तर त्यांना बरळणारं म्हणू नका. त्यांच्या तोंडात आपला शब्द कोंबू नका. हातातलं काम खाली ठेवा, शेजारी बसा आणि त्यांचं वाक्य त्यांनाच पुरं करू द्या. आजच बसा.