बोरकुट्यांचे दोन प्रश्न

"जेवला का?" हा पहिला प्रश्न. "आज शाळेत काय शिकला?" हा दुसरा. अमेरिकेत प्लेनो गावातल्या आमच्या गल्लीत, माझ्या शेजारच्या गॅरेजमध्ये बॉक्सिंग शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला आणि पोरीला हे दोन प्रश्न दारातच विचारले जायचे, तेही दरडावून. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं की हातात गूळ-पोळीची गुंडाळी पडायची. दुसऱ्याचं उत्तर आलं नाही की त्या दिवशी ग्लोव्हज मिळायचे नाहीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पुस्तक काढायचं. ग्लोव्हज उंच खिळ्यांना टांगलेले असत आणि ते खाली काढायचा हक्क एकट्या सुधाकर बोरकुट्यांचा होता.

मी मुळात चिडकी बाई. घरून काम करते, मीटिंगमध्ये असते आणि शेजारून धाड धाड आवाज. एका शनिवारी डोकं फिरलं आणि तणतणत गेले. दारात एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा, टक्कल पडलेला माणूस उभा. मी तोंड उघडायच्या आत त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. "वहिनी, एक नंबर उभ्या आहात तुम्ही. एक पाय मागं, वजन बरोबर." मी म्हटलं, "अहो, भांडायला आलेय मी!" तर म्हणतो, "तेच तं सांगून राहिलो न." त्या महिन्यात त्यांचं राउंडची वेळ सांगणारं यंत्र बिघडलं, आणि माझ्या देवघरातली घंटा त्या गॅरेजात गेली ती तिथेच राहिली. ती वाजवायला मीही जाऊ लागले.

बोरकुटे नागपूरचे. दिवसा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. "दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेतो मी," म्हणायचे. कॉलेजात असताना ते विद्यापीठाकडून लढलेले. एका वर्षी इंजिनीअरिंगची परीक्षा सोडून बॉक्सिंगच्या कॅम्पला गेले. परत आले तर संघात दुसऱ्याच कोणाचं तरी नाव लागलेलं आणि परीक्षा कधीच होऊन गेलेली. हे ते हसत सांगायचे, पण सांगून झालं की त्यांचा आवाज चढायचा. "दोन्ही हातांनी खेळायचा खेळ आहे हा बे! एक हात पुस्तकावर, एक हात पंचिंग बॅगवर. एकच हात वापरला तं खाली पडशील, माझ्यासारखा!" रागावले की मुलगा असो, मुलगी असो, सगळ्यांना 'बे'. परीक्षेच्या आठवड्यात गॅरेजला कुलूप लागायचं. पोरं बाहेरून शटर वाजवायची आणि हे आतून ओरडायचे, "फिजिक्स कर, फिजिक्स!"

आता आमच्या लोकांबद्दल बोलते, आणि स्पष्टच बोलते. बोरकुट्यांकडे पोरं पाठवणाऱ्या निम्म्या आईबापांना बॉक्सिंगशी काडीचं देणंघेणं नव्हतं. बुद्धिबळ सगळ्यांच्याच पोरांचं असतं, रोबोटिक्स सगळ्यांचंच, टेनिसही. कॉलेजच्या ॲप्लिकेशनमध्ये वेगळं काय दाखवायचं? तर बॉक्सिंग! "आमच्याकडे कोणी करत नाही ना, सो इट स्टँड्स आउट," असं एक आई मला बटाटे निवडता निवडता दुकानात सांगत होती. ॲप्लिकेशन गेलं की दुसऱ्या दिवसापासून पोर बंद. बोरकुटे एकेका पोराला वर्ष-वर्ष उभं राहायला शिकवायचे आणि ती पोरं निरोपसुद्धा न घेता गायब व्हायची. मला संताप यायचा. त्यांनाही यायचा, आणि ते तो गिळायचे नाहीत. एका बापाला भर रस्त्यात म्हणाले होते, "नाकावर बुक्की पोराने खायची आन् फॉर्म तुम्ही भरायचा, असं नाही चालत साहेब."

सानिका मात्र खरी बॉक्सर होती. आमच्याच गल्लीतली, बारावीतली पोरगी. लांब हात, मिटलेले ओठ, आणि दुसऱ्या प्रश्नाचं तिचं उत्तर ऐकायला बाकीची पोरं थांबायची. कधी तारे कसे मरतात ते सांगायची, कधी एखादं गणित हवेत बोटाने मांडून दाखवायची. तिला खेळायचंही होतं आणि शिकायचंही होतं, मनापासून. बोरकुटे तिच्यावर सगळ्यात जास्त ओरडायचे, यावरून ती त्यांची किती लाडकी होती ते समजा. तिचा बाप शेखर. मोठ्या कंपनीत मोठा माणूस, आमच्या इथल्या मराठी मंडळाचा खजिनदार, बोलायला गोड. दसऱ्यानंतरच्या शनिवारी डॅलसला स्पर्धा होती आणि तिथलं मेडल त्याला ॲप्लिकेशनच्या मुदतीआधी हवं होतं.

त्या वर्षी नवरात्रात सानिकाने नऊ दिवसांचे उपास धरले. मंडळात केवढं कौतुक! आमचे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू. उपास सुटेपर्यंत माणूस दोन किलोंनी वाढतं. आणि ही पोरगी नुसतं लिंबूपाणी घेते म्हणे, आता तर निर्जळीच करते! "अमेरिकेत वाढलेली मुलगी, पण संस्कार बघा," असं म्हणत बायका तिला देवीची ओटी भरायला पुढे करत होत्या. तिचे गाल आत गेलेले मलाही दिसत होते. बारावीचा ताण असेल, असंच आम्ही सगळे म्हणत होतो.

गॅरेजमध्ये पहिल्या प्रश्नाला ती रोज "हो काका, जेवले" म्हणायची. बोरकुट्यांना शंका आली ती दुसऱ्या प्रश्नामुळे. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आज काय शिकली?" सानिका म्हणाली, "नथिंग, काका. आय कान्ट रिमेंबर." जी पोरगी ताऱ्यांवर तासभर बोलायची, तिला सकाळचा तास आठवेना. बोरकुट्यांनी तिला खुर्चीकडे बोट दाखवलं. पण ती "प्लीज काका, फक्त दोरी" म्हणाली आणि उड्या मारायला लागली. मी घंटा वाजवली. ती घंटेच्या आवाजाकडे वळली आणि सरळ सिमेंटच्या फरशीवर कोसळली. हनुवटी फुटली. रक्त पाहून मी किंचाळले.

बोरकुट्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओठांना पापुद्रे सुटले होते. "पाणी कधी प्यायली?" ती कुजबुजली, "यस्टरडे. मॉर्निंग." मी इमर्जन्सीला फोन लावला, मग शेखरला. त्याचं घर जवळ, तो आधी पोचला. आणि काय म्हणाला असेल? "काही घाबरण्यासारखं नाही, नवरात्राचा उपास आहे तिचा. श्रद्धेचा विषय आहे." सानिका पडल्या पडल्या रडायला लागली. "बाबा, टेल हिम. सांगा ना. मला खालच्या वेट क्लासमध्ये जायचंय म्हणून."

मग सगळं बाहेर आलं. एक वजनगट खाली उतरली की समोर दमदार कोणी नाही, मेडल हमखास. बोरकुट्यांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून उपासाचं निमित्त. घरी देवीची आरती झाली की शेखर सानिकाला वजनकाट्यावर उभं करायचा. काका विचारतील तेव्हा 'जेवले' म्हणायचं, हेही बापानेच शिकवलेलं.

बोरकुटे इतके हळू बोललेले मी कधी ऐकले नव्हते. "वजनकाटा ठेवून उपास करता का बे? देवीला पोरगी किती किलोची पाहिजे होती, तेही सांगा." शेखर उखडला. "जास्त बोलू नका. एका आठवड्याचा प्रश्न आहे, तिच्या करिअरचा प्रश्न आहे. तुम्ही गॅरेजमध्ये शिकवता, कॉलेज ॲडमिशन तुम्हाला काय कळणार?" बोरकुटे म्हणाले, "तिला आज सकाळचा धडा आठवत नाही. कोणत्या कॉलेजात घालता तिला?" तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. तिला सलाइन लागलं, हनुवटीला टाके पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोरकुट्यांनी कोच म्हणून स्पर्धेतून तिचं नाव काढून घेतलं.

यानंतर आमच्या लोकांनी जे केलं त्याची मला आजही शिसारी येते. कोणी शेखरला जाब विचारला नाही. उलट, "बोरकुटे जरा अतीच करतात," "पोरीचे वर्षाचे कष्ट वाया घालवले," अशी कुजबुज. आणि पंधरवड्यात घरमालकांच्या असोसिएशनची नोटीस आली. घराच्या गॅरेजमध्ये धंदा चालतो, अशी कोणीतरी तक्रार केलेली. धंदा! त्या माणसाने कधी कोणाकडून एक डॉलर घेतला नाही, गूळ-पोळ्या स्वतः लाटायचा. तक्रार कोणाची ते गल्लीतल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. मी घरोघर फिरले, म्हटलं सगळे मिळून सही करू, लिहून देऊ की हा धंदा नाही. एकाला मीटिंग होती, एकाला पाहुणे येणार होते. "सुनंदाताई, शेखर मंडळात आहे ना, उगाच कशाला," असं एक जण म्हणाला. ज्याच्या पोराला बोरकुट्यांनी चार वर्षं शिकवलं, तो हा माणूस!

शटर खाली आलं. त्याच सुमारास कंपनीने बोरकुट्यांना जर्सी सिटीला या म्हटलं आणि ते हो म्हणाले. जाताना माझी घंटा चिंचेने घासून, लखलखीत करून परत द्यायला आले. मी रडत रडत त्यांनाच शिव्या घातल्या, की भांडायचं सोडून पळता कसले. ते म्हणाले, "वहिनी, पोट्टी खोटं बोलली तं मला राग नाही आला. 'जेवली का'ला 'नाही' म्हणायची तिला भीती वाटली, याचा राग आहे. माझ्यावरच आहे." मी म्हटलं, तुमच्यावर कशाला? शरम वाटायला हवी ती भलत्याच लोकांना. ते घंटा माझ्या हातात ठेवून गेले.

सानिका पुढे हायवेपलीकडच्या एका जिममध्ये स्वतः गाडी चालवत जाऊ लागली. फेब्रुवारीत आपल्या खऱ्या वजनात लढली, हरली, आणि हनुवटीवरचा व्रण मिरवत हसत घरी आली. मार्चमध्ये तिला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तोही मेडलशिवाय. बॉक्सिंग सोडणार नाही, हे तिने बापाला तेव्हाच सांगून टाकलं.

पाडव्याच्या कार्यक्रमात मंडळाने गुणवंतांचा सत्कार ठेवला. शेखर स्टेजवर. त्याने शाळेचे आभार मानले, ॲप्लिकेशनचा निबंध तपासणाऱ्या सल्लागाराचे मानले, देवीचे मानले. बोरकुट्यांचं नाव नाही. माझं रक्त उकळत होतं. सानिकाला शाल घालायला पुढे बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, "एक मिनिट, बाबा." तिने फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि माइकजवळ धरला. सगळा हॉल ऐकत होता.

"काका, मी सानिका."

हॅलो नाही, काही नाही. "जेवली का?"

सानिकाने बापाकडे पाहिलं. मग माइककडे तोंड करून, एकेक शब्द सावकाश म्हणाली, "नाही काका. नाही जेवले."

पलीकडून तोच ओळखीचा आवाज कडाडला. "मग फोन काऊन करून राहिली बे? आधी जेव!" आणि फोन बंद.

ती स्टेजवरून उतरली. हॉलच्या मागच्या टेबलावर श्रीखंड-पुरीचे ट्रे झाकून ठेवले होते. तिने स्वतः झाकण काढलं आणि ताट वाढून घेतलं. गॅरेजमधली सगळी पोरं एकेक करून उठली आणि तिच्यामागे रांगेत जाऊन उभी राहिली. शेखर शाल हातात घेऊन तसाच उभा होता. अध्यक्षांनी घाईघाईने माइकवरून जाहीर केलं, "भोजन सत्कारानंतर आहे, कृपया बसून घ्या." एकही पोर बसलं नाही.