शुक्रवारी आईला ऐकवलेली गोष्ट

घर सोडलं त्या दिवशी जयूनं मला मोटारसायकलवरून सफाळ्याच्या स्टेशनावर आणलं. मांडीवर कपड्यांची पिशवी, हँडलला सुक्या बोंबलांचं गाठोडं. आई दारापर्यंत आली नाही. ती मागच्या पडवीत कोलंबी सोलत बसली होती. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, "हात वले हायत माजे, राहू दे. चार स्टेशनावर चालली, परदेशी नाय चालली. माजी मासळी पन त्याच्या लांब जाते."

जयू माझा धाकटा भाऊ, पाच वर्षांनी लहान. नुकताच बोटीवर जायला लागला होता. गाडी येईपर्यंत तो माझ्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिला. "ताई, तिकडं कंपन्यांचा लय वास येतो म्हनं." मी म्हटलं, "बोंबलांच्या घरातली मी, मला वासाची भीती कसली घालतोस." तो हसला आणि मग तोंड फिरवून उभा राहिला.

तुमच्यातले जे दुबईला, कुवेतला गेले ते म्हणतील, एडवण ते बोईसर हे काय स्थलांतर? मीही तसंच म्हणत होते. पण रोज सकाळी दार उघडल्यावर समोर समुद्र दिसायचा, तिथं एकदम रंगीत पाण्याचा नाला दिसायला लागला की अंतर कळतं. काम मिळालं ते औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगला. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, आठ तास मशीनसमोर. शेजारणीचं नाव कळायला मला महिना लागला. रूम चाळीत. आजूबाजूला सगळे बिहार-यूपीकडचे, माणसं चांगली, पण आपल्या बोलीत भांडायला कुणी नाही. लग्नही इथंच झालं आणि इथंच मोडलं. ती गोष्ट ऐकवण्याजोगी नाही.

ऐकवण्याजोग्या गोष्टी मला मोबाइलवर सापडल्या. पॅकिंगच्याच एका मुलीनं बसमध्ये तिचा एक इअरफोन माझ्या कानात घातला, आणि एक बाई शांत आवाजात मराठीत गोष्ट सांगत होती. मधूनच दार वाजायचं, कुणी जिना चढायचं, पात्रं आपापल्या आवाजात बोलायची. दर गुरुवारी नवा एपिसोड. गुरुवार म्हणजे माझा सण झाला. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये खिडकी धरायची, ओढणीखाली इअरफोन, आणि बोईसर येईपर्यंत मी त्या बसमध्ये नसायचेच. उरलेला अर्धा पाण्याच्या टँकरच्या रांगेत ऐकायचे. शेजारची भाभी म्हणायची, "क्या सुनती रहती हो दीदी, अकेले-अकेले हँसती हो." खरं सांगते, दिवसभरात माझ्याशी नीट, पूर्ण वाक्यांत बोलणारं तेवढंच कुणी होतं.

जयू गेला त्याला चार वर्षं झाली. त्या वर्षी तो गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. वादळात बोट उलटली. दोघांची प्रेतं मिळाली, जयूचं मिळालं नाही. वाचलेला एक खलाशी आमच्या घरी आला, पडवीत उकिडवा बसला आणि आईला म्हणाला, "काकी, माझ्या डोळ्यासमोर पान्यात गेला तो. मी हात दिला, नाय पुरला." त्या पोराला हे सांगायला किती जड गेलं असेल. आईनं त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर म्हणाली, "खोटं बोलतो. सोडून पळाला आसंल." आमच्या किनाऱ्यावरचे काही जण समुद्रात हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्या देशाच्या तुरुंगात पडले, वर्षानुवर्षांनी परत आले. आईनं तेच धरून ठेवलं. जयू पकडला गेला, एवढंच.

आमच्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी मी गावी जायचे. आई मागच्या पडवीत बसलेली, जयूची बायको मयुरी कामात. मयुरी तेव्हा चोवीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेलं, मूलबाळ नाही. आम्ही तिघी एकमेकींना जेवण वाढायचो आणि गप्प बसायचो. अशाच एका शुक्रवारी मला ती शांतता सोसेना आणि मी मोबाइल मधोमध ठेवला. म्हटलं, आये, एक गोष्ट ऐक.

"खोटं ऐकून काय करू?" आई म्हणाली. "माजंच कमी हाय काय?"

"खोट्या नाय गो. खऱ्या गोष्टी हायत, लोकांच्या घडलेल्या."

एवढंच वाक्य. कसलाही विचार न करता बोलले. आवडीच्या वस्तूची भलामण करताना माणूस चार गोष्टी वाढवून सांगतो, मासळी विकताना आईही सांगायचीच. मयुरी बारावी शिकलेली. खोटं तिला कळलं; तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ताटं उचलली.

आई ऐकायला लागली. नुसती ऐकत नव्हती, चुका काढायची. एका गोष्टीत माणूस ओहोटीला खेकडे धरत होता आणि मागं लाटांचा आवाज. आईनं मान हलवली. "ही भरती हाय. भरतीला कुटले खेकडे धरतो हा मेला?" मी हसले, म्हटलं, लाटांचे आवाज नंतर टाकतात. "मंग खरं काय त्यात?" मी म्हटलं, बाकी सगळं खरं. कितीतरी दिवसांनी आम्ही तिघी एकत्र हसलो. माझ्या गुरुवाराला शुक्रवार जोडला गेला, आणि मी स्वतःवर खूश होते.

जयू जाऊन तिसरं वर्ष सरत आलं तशी मयुरीच्या वडिलांनी मध्यस्थ पाठवला. पोरीनं किती दिवस अशी बसायचं? माणूस सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, दिवस घालतात, तशी आपल्यातही रीत आहे. ते करा आणि पोरीला मोकळी करा. सगळ्या भावकीनं आईला समजावलं, मीही समजावलं. दोन महिने ती नाही म्हणाली, मग एके दिवशी "करा काय ते" म्हणाली. सर्वपित्री अमावास्या ठरली. भटजींना सांगितलं.

त्याच सुमारास गुरुवारी नवी मालिका सुरू झाली. पलीकडच्या तुरुंगातल्या एका खलाशाची. तो स्वतःचं नाव कुणाला सांगत नाही. फक्त खोकतो, आणि कोठडीतल्या दुसऱ्या कैद्याला आईच्या हातच्या कालवणाचं वर्णन सांगत बसतो. मी बसमध्ये ऐकलं तेव्हा मलाही जयूच आठवला. ते आईला ऐकवायला नको होतं. पण ती शुक्रवारी वाट बघत बसलेली, आणि मला ती शांतता पुन्हा नको होती.

गोष्टीतला खलाशी खोकला तशी आईनं माझा हात धरला. "थांबव. परत लाव."

परत लावलं. खोकला, मग आवाज, "आई चिंच जास्तच घालायची."

"जयू हाय," आई म्हणाली. "माजा जयू हाय तो."

मी म्हटलं, नाही गो, दुसरा कुणीतरी आहे. ‘दुसरा कुणीतरी’ म्हटलं; ‘कुणी नाहीच’ असं म्हणाले नाही. आई उठली, चूल पेटवली, आणि त्या दिवशी दोन वेळा पोटभर जेवली. तीन वर्षांत मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, त्या ताटासमोर बसून मी काय बोलायला हवं होतं?

अमावास्येचं रद्द झालं. मयुरीचे वडील आले, अंगणातूनच मागं गेले. त्यानंतर मात्र मी खरं सांगितलं. म्हटलं, आये, ही रचलेली गोष्ट आहे, एक माणूस लिहितो, दुसरा बोलतो, तो पगारी नट आहे. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "आवाज तेवढे नंतर टाकतात, बाकी सगळं खरं. तूच बोललीस. आता तुला मयुरीच्या बापानं पढवलंय." माझं खोटं तिनं एका वाक्यात घेतलं होतं, खरं मात्र शंभर वाक्यांतही घेईना.

मग आठवडे तसेच गेले. गुरुवारी मी ऐकायचे ती धास्तीनं. शुक्रवारी आई अंघोळ करून, केस विंचरून मोबाइलसमोर बसायची. त्या खलाशाला ताप आला की हिचा उपास. मयुरी दाराला टेकून उभी राहायची. तिच्या गळ्यात मंगळसूत्र, वय सत्तावीस, आणि तिचं पुढचं सगळं आयुष्य कुठल्याशा स्टुडिओत बसलेल्या माणसांच्या हातात, ज्यांना ती ठाऊकही नाही.

शेवटचा एपिसोड आला तेव्हा परतीची बस पास्थळ गावाच्या पुढं होती. त्या एपिसोडमध्ये तो मरतो. तापात, कोठडीत, शेजारचा कैदी त्याचं डोकं मांडीवर घेतो, पाणी पाजतो, आणि तेव्हा कुठं तो आपल्या गावाचं नाव घेतो, पण ते आपल्याला ऐकू येत नाही. फार सुंदर केलं होतं. इतर कुठल्याही गुरुवारी मी रडून मोकळी झाले असते. त्या दिवशी मी नाक्यावर उतरले आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. हे ऐकवलंच नाही तर आई मरेपर्यंत वाट बघेल, आणि मयुरीही. ऐकवलं तर आईचा मुलगा मी माझ्या हातानं मारणार, आणि तोही खोट्या मरणानं. जयू समुद्रात गेला तो घटकाभरात गेला असेल. हा तीन वर्षं कुजून मेला.

मी मयुरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिनं शेवट दोनदा विचारून घेतला. मग म्हणाली, "लावा ताई. मी पन मानूस हाय. एकदा संपू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी लावलं. आई मांडी घालून बसली होती. तो गेला तरी ती हलली नाही. शेवटचं संगीत संपलं तेव्हा म्हणाली, "पानी पाजलं ते परत लाव." लावलं. "परत." तीनदा लावलं. मग तिनं पदरानं मोबाइल पुसला, माझ्या हातात दिला आणि मयुरीकडं वळून म्हणाली, "ये गो बाय, माज्याकडं ये." आणि त्या दोघी अशा रडल्या की शेजारची माणसं धावत आली. मी बाजूला बसून राहिले. मला त्या रडण्यात जागा नव्हती.

पुतळा केला, अग्नी दिला, दिवस घातले. लोक विचारायचे, म्हातारी एकदम कशी तयार झाली? आई सांगायची, "पोरीनं बोईसरवरनं खबर आनली." मयुरी माहेरी गेली आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. आईनंच साडी नेसवून पाठवली. मयुरीचा अधूनमधून फोन येतो. सुखात आहे म्हणते. मी मानते, कारण माझ्या पदरात तेवढीच एक बरी गोष्ट आहे.

गुरुवार मी अजून ऐकते. लाज वाटते, पण ऐकते. नाहीतर आठवड्यात नुसती कंपनीच उरेल. गावी जाताना इअरफोन रूमवर ठेवून जाते. आईनंच सांगितलंय, "मला आता नको लावू गो. खऱ्या गोष्टी सोसत नाय."

यंदा पाऊस सरल्यावर गेले तर आई घरात नव्हती. खाली किनाऱ्यावर होती. जयू गेल्यापासून तिनं समुद्राचं तोंड पाहिलं नव्हतं. बोंबील वाळवायला जायची नाही, समुद्राकडची खिडकीसुद्धा लावून घ्यायची. आता पातळ खोचून गुडघाभर पाण्यात उभी, ओळखीच्या बायांशी चेष्टा करत. तिला तिचं गाव परत मिळालं होतं. ते माझ्या खोट्यातून मिळालं, आणि ते टिकावं म्हणून ते खोटं मलाच जन्मभर सांभाळायचंय. घर कुठं असं कुणी विचारलं की मी अजून एडवणच सांगते. पण ते घर आता माझ्यासाठी तोंड उघडायचं नाही अशी जागा झालंय, आणि माझी बोईसरची रूम त्यापेक्षा मोकळी आहे.

आईनं मला पाहिलं आणि हात केला. "ये, पाय तरी भिजव. उगाच इतकी वर्सं त्याच्यावर रुसले. दर्यानं काय केलं नाय आपलं."

मी वाळूतच उभी राहिले. त्या वाचलेल्या पोराचा न पुरलेला हात मला दिसत होता. आई पाण्यात माझी वाट बघत होती, आणि जयू त्याच पाण्यात होता.