लोखंडात मुरलेला ढवळ्या

गावाबाहेर पाल ठोकलेल्या लोहारीण कमळाबाईंकडे मी विळा करायला दिला होता. मऊ लोखंडाचा तो विळा त्यांनी डब्यात काळ्या भुकटीत पुरला, झाकण मातीनं लिंपलं आणि डबा दिवसभर भट्टीत लाल ठेवला.

"भुकटी कोळशाची ना?" मी विचारलं.

"कोळसा हाये, अन् जाळलेली हाडं. आमच्या ढवळ्या बैलाची. बारा वर्सं गाडी वढली त्यानं."

मी हादरलोच. संध्याकाळी बाईंनी डबा उघडून लालबुंद विळा पाण्यात बुडवला, मग त्यावर कानस ओढली. ती नुसतीच घसरली. ओरखडासुद्धा उठला नाही, इतकं ते मऊ लोखंड आता कडक झालं होतं. मरून गेलेलं जनावर असं लोखंडात मुरतं?

"घ्या," त्या म्हणाल्या.

तो एका हातानं घ्यायला मन होईना. मी दोन्ही हात पसरले.