आदूची झोप आणि अमेरिकेचं घड्याळ

नेवार्क विमानतळावर आईला व्हीलचेअरवर बसवलं तेव्हा ती माझ्यावर चिडलीच होती. "धडधाकट बाई मी, मला कशाला पांगळी करतेस?" इंग्रजी येत नाही म्हणून आपण सगळेच आपल्या आईवडिलांसाठी व्हीलचेअर मागतो, ढकलणारा माणूस त्यांना थेट विमानापर्यंत पोचवतो, हे तिला किती वेळा सांगितलं होतं. माझा मुलगा आदू कडेवर होता. दीड वर्ष उलटलेलं. आजी गाडीत बसली म्हणजे आता आपल्यालाही घेणार, असं वाटून त्याने हात पुढे केले.

अमेरिकेत वसंतात तासभर पुढे केलेली घड्याळं हिवाळ्याआधी पुन्हा मागे घेतात, ती त्याच रात्री एक तास मागे जायची होती. आज रात्री तास जादा मिळतो, असं मी तिला येताना सांगितलं होतं. खुर्ची हलायच्या आधी ती म्हणाली, "जादा मिळतोय ना तास? मग तो आत्ता दे की मला." आणि गेली. आदू रडला नाही. गाडी फिरून परत येईल म्हणून वाट बघत राहिला.

तुम्ही जे तिकडे राहिलात, त्यांना हे घड्याळाचं प्रकरण फोनवर सांगितलं की हसू यायचं. "सरकार म्हणतंय म्हणून सूर्य उशिरा उगवतो होय?" असं आप्पा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी न चुकता विचारायचे. मीही हसायचे. पोर नव्हतं तोवर मलाही ती गंमतच होती. रविवारी तासभर जास्त लोळायचं, मग मायक्रोवेव्हचं घड्याळ लावायचं, गाडीतलं तसंच ठेवायचं. तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात आणि ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांना मी वेगळं काय सांगू? तुम्ही हे भोगलंय.

तेव्हा आम्ही जर्सी सिटीत राहायचो. ट्रेनच्या स्टेशनजवळ उंच बिल्डिंग, त्यात वन बेडरूम. मी मॅनहॅटनमध्ये एका फायनान्स कंपनीत टेस्टिंग करायचे, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. माझा नवरा महेश, त्याचा प्रोजेक्ट टेक्सासात, फ्रिस्कोला. सोमवारी पहाटेच्या फ्लाइटने जायचा, गुरुवारी रात्री यायचा, शुक्रवारी घरून लॅपटॉप. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. ती होती म्हणून आमचा संसार चालला होता. आम्ही नुसते पगार आणायचो.

आईकडे झोपेचं वेळापत्रक नव्हतंच. दिवेलागण झाली की शुभंकरोती, मग मऊ वरणभात, मग पाय पसरून त्यावर आदूला गोधडीत आडवा घालून थोपटणं. आली तेव्हा उन्हाळा होता. साडेआठ वाजले तरी बाहेर ऊन बघून ती म्हणायची, "ह्या देशात संध्याकाळ होतेय की नाही गं?" पण दिवस जसजसा आखडत गेला तसतशी आदूची झोपही आपोआप अलीकडे सरकत गेली. डॉक्टरीण म्हणाली होती की घड्याळ बदलायच्या आधीच्या आठवड्यात झोप रोज पंधरा-पंधरा मिनिटं पुढे ढकला, मुलाला कळतही नाही. ज्या आठवड्यात आजी जाणार, घरभर उघड्या बॅगा, त्या आठवड्यात पंधरा मिनिटं कोण मोजतंय? आईला सांगितलं तर म्हणाली, "लेकराला घड्याळ कळत नसतंय. माणूस कळतंय."

आणि सोमवारी सगळं एकदमच आलं. आजी नाही, दिवसभर डेकेअर, आणि पाच वाजताच काळोख. त्याच्या हिशेबाने काळोख म्हणजे जेवण आणि झोप. तो डेकेअरमध्येच जाकिटासकट झोपून जायचा, मी घ्यायला गेले की अर्धवट उठून किंचाळायचा, आणि पुन्हा झोपला की चारच्या ठोक्याला टक्क जागा. उठला की थेट सोफ्याकडे. आई सोफ्यावर झोपायची. उशी उचलून बघायचा, सोफ्यामागे बघायचा, मग बाथरूमचं दार वाजवायचा. मग रडणं. खालच्या मजल्यावरच्या बाईने आधी छताला काठी ठोकली, मग बिल्डिंगच्या लीजिंग ऑफिसात तक्रार केली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, आमच्या घरी पंचविसावा तास आला होता.

सगळे म्हणायचे, आठवड्यात होईल सगळं नॉर्मल. डॉक्टरीण म्हणाली, ऑफिसातल्या लेकुरवाळ्या बायका म्हणाल्या, महेशही फोनवरून म्हणाला. आठवडा झाला, तीन झाले. ह्याला घड्याळ नडतंय की आजीचं जाणं नडतंय, हे कुणी विचारलंच नाही. घड्याळावर ढकललं की सोपं पडतं.

ह्यातला खरा विनोद ऐका. त्या वर्षी सरकारने घड्याळ बदलायच्या तारखाच बदलल्या होत्या. पुढच्या वसंतात घड्याळ नेहमीपेक्षा लवकर पुढे जाणार, म्हणून साऱ्या आयटीवाल्यांची धांदल. आमच्या टीमला कामच ते. एक तास नाहीसा झाला तर व्याज चुकतं का, तोच तास दोनदा आला तर व्यवहार दोनदा नोंदला जातो का, हे मी दिवसभर तपासायचे. मॅनेजर माझं कौतुक करायचा. आणि ही कौतुकाची बाई मीटिंगमध्ये उभ्या उभ्या पेंगायची. कंपनीची सगळी मशिनं मी नव्या वेळेला आणली, पण घरातलं एक पोर मला आणता येईना.

पहिल्यांदा महेश बोलला. "थोडे महिने आईंकडे ठेवू या का? लोक ठेवतात यार." ठेवतात, हे खरंच होतं. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन घरांतली मुलं तिकडे आजीआजोबांकडे होती, एक गुंटूरला, एक नागपूरला. फ्रिजवर त्यांचे फोटो असायचे. मी भडकले. "मांजराचं पिल्लू आहे का ते, ह्या घरातून त्या घरात न्यायला?" फोन आपटला. त्याचंही चुकत नव्हतं. नोकरी सोडावी तर व्हिसा माझ्या नोकरीवर, आणि त्याचा प्रोजेक्ट कधी संपेल सांगता येत नव्हतं. पण राग कुणावर तरी काढायचा असतो.

मग एक संध्याकाळ आली. ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली, आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी नेवार्कला उभी होती, शेवटचं स्टेशन, डबा रिकामा. उलटी गाडी पकडून धावत डेकेअरला पोचले तर बाकी सगळे दिवे बंद, दाराशी फक्त एक टीचर कोट घालून बसलेली आणि तिच्या शेजारी आदू. जाकीट, टोपी, बूट, सगळं घातलेलं. टीचर म्हणाली, "ही इज सो टायर्ड, मॅम," एवढंच. तो जागा होता. मला बघून रडला नाही, हसला नाही, हातसुद्धा पुढे केले नाहीत. दीड वर्षाच्या पोराने आईला बघून असं गप्प बसू नये. रडला असता तर मी त्याला इथंच ठेवलं असतं, अजूनही मला असं वाटतं.

घरी येऊन आईला फोन लावला. नीट सांगताही येईना. ती म्हणाली, "पाठव." एवढंच.

ख्रिसमसच्या सुट्टीत मी त्याला घेऊन इचलकरंजीला गेले. आमच्या घराला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे. दिवसरात्र खटखट खटखट. परगावचा पाहुणा एक रात्र झोपत नाही आमच्याकडे. आदू त्या आवाजात असा झोपला की मी दोनदा नाकाशी बोट धरून बघितलं. आठवडा गेला नाही तोवर दिवस-रात्र जागच्या जागी. आईच्या पायांवर, तीच गोधडी, तेच थोपटणं. मला आनंद व्हायला हवा होता. मी आतल्या खोलीत बसून ढसाढसा रडले.

निघायचा दिवस आला. आई म्हणाली, "झोपलाय तोवर नीघ. मागे वळून बघू नको." मी वळून बघितलं. एक पाय पांघरुणाबाहेर होता. स्टँडवर आप्पा मला धीर द्यायला म्हणाले, "इथं कुणी घड्याळ हलवत नाही बघ, काळजी करू नको." मी मान हलवली. दहा वर्षांपूर्वी ह्याच स्टँडवरून मी पुण्याला शिकायला गेले होते, तेव्हा कधी एकदा ह्या खटखटीतून सुटते असं झालं होतं.

मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली. आमची सिस्टिम एक सेकंद अडखळली नाही. सोमवारी टीमला पिझ्झा, टाळ्या. मी आदल्या दिवशी उशिरापर्यंत झोपले होते. उठवायला कुणी नव्हतं. अशी गाढ झोप मला वर्षभरात लागली नव्हती, आणि त्या झोपेची मला इतकी घाण वाटली की काय सांगू.

थोडे महिने म्हणता म्हणता वर्ष होत आलं. कधी महेशचा प्रोजेक्ट, कधी माझ्या व्हिसाचे कागद. फोनवर आई त्याच्या कानाला रिसीव्हर लावायची. आधी नुसता श्वास ऐकू यायचा. मग शब्द आले. "मम्मी, जेवलीस?" हे त्याला शिकवलेलं. मागून आजीला हाक मारायचा ती मात्र "आई." घरात मी तिला आई म्हणते, आप्पाही म्हणतात, तोही म्हणायला लागला. आई ओशाळून सांगायची, "अगं, कितीदा सांगितलं, आजी म्हण म्हणून." मी म्हणायचे, "असू दे गं, लहान आहे."

दिवाळीच्या आधी जाऊन त्याला आणला. ह्या वेळी मात्र मी सगळं नीट केलं. महेशची बदली न्यू जर्सीत करून घेतली, ऑफिसातून लवकर निघायची परवानगी काढली. घड्याळ बदलायच्या आठवडाभर आधीपासून झोप पंधरा-पंधरा मिनिटं पुढे. जाड पडदे, कोमट पाण्याची अंघोळ, एक गोष्ट, दिवा बंद. आणि काय सांगू, जमलं! सांगितलं की आडवा, डोळे घट्ट मिटलेले. कुरकुर नाही, पाणी नको, शू नको. मी महेशला म्हटलं, "बघ, सगळा रूटीनचा खेळ असतो." घड्याळ मागे गेलं त्या रविवारी तो उजाडल्यावर, अगदी वेळेवर उठला. मी स्वतःवर इतकी खूश होते की सकाळी सकाळी शिरा करायला घेतला.

शिरा हलवतेय तर आदू दाराशी उभा. पायात बूट, उलटे घातलेले. अंगात स्वेटर. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात त्याची एक चड्डी आणि गोधडी कोंबलेली.

"कुठं निघाली स्वारी?" मी विचारलं.

"मी रोज शहाण्यासारखा झोपलो," तो म्हणाला. "आई म्हणाली, शहाण्यासारखा झोपलास की न्यायला येते. आली का खाली?"

गॅस बंद केला. महेश खोलीतून बाहेर आला होता. ते घट्ट मिटलेले डोळे आठवले. पोर झोपत नव्हतं, परतीची तयारी करत होतं, आणि मी पडद्यांचं कौतुक करत होते. मी जवळ घेतलं तर अंग चोरलं नाही, पण पिशवीही सोडली नाही. दार उघडून दाखव म्हणाला. मी उघडलं. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. मग लिफ्टजवळ जाऊन बघू म्हणाला. तिथंही नेलं.

आता वर्ष होत आलंय. विचारायचं त्याने कधीच सोडलं. इंग्रजीत बोलतो, डेकेअरमध्ये मित्र आहेत, आणि सगळे म्हणतात, छान रुळला. घर म्हणजे काय, असं इथल्या मराठी मंडळातली माणसं गणपतीत भाषणं करून विचारतात, तेव्हा मी उठून पोरांच्या ताटांकडे बघायला जाते. ज्या घरातून सुटायला मी धडपडले, तेच एक घर माझ्या मुलाला होतं, आणि त्यातून त्याला मीच काढून आणलं. मी त्याला दुसरं देईन असं वाटलं होतं. अजून देता आलेलं नाही, आणि आता येईल असं वाटतही नाही.

आईला ह्यातलं काही सांगितलेलं नाही. ती दर रविवारी पहिला प्रश्न तोच विचारते, "झोपतो ना गं नीट?"

"झोपतो," मी म्हणते.