तांदळाच्या डब्यातली कॅसेट

नातीच्या लग्नात माझी जी शोभा झाली, ती मी सांगितली नाही तर आमची शेजारीण तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. मी सांगतेय, नात लिहून घेतेय. आताच हसायला लागलीय बघा.

आमची सासू धवलारीण. म्हणजे लग्नात धवले गाणारी. तिच्याशिवाय आम्हा आगऱ्यांचं लग्न लागायचं नाही. चौलपासून पार पेणपर्यंत बोलावणी! उतारवयात तिला ऐकायला कमी यायला लागलं, पण गळा तसाच. तेव्हा धाकटा दीर मुंबईहून टेप घेऊन आला. "आये, लाल दिवा पेटला की गायचं," असं तिला समजावलं आणि तिचे धवले कॅसेटीत भरले. एकच बाजू भरली. मला म्हणाला, "वयनी, जप हिला. असा गला पुन्हा मिलनार न्हाय."

जप म्हणाला ना? मग मी अशी जपली की पोटच्या पोरांना तशी जपली नसेल. ऊन दाखवायचं नाही, ओल लागू द्यायची नाही, पट्टीला बोट लावायचं नाही, लोहचुंबक जवळ न्यायचं नाही. सगळं पाठ. पण आमच्याकडचा खारा वारा! पत्र्याची पेटी दोन पावसाळ्यांत गंजते. मग मी भाताचं बियाणं ठेवतात तशी ती फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवली, वर कडुलिंबाचा पाला. दर दिवाळीला बाहेर काढून पट्टी चिकटू नये म्हणून पेन्सिल घालून फिरवायची. त्या पेन्सिलीने मी जन्मात एक अक्षर काढलं नाही, पण कॅसेट फिरवून फिरवून तिचे कंगोरे गेले.

आणि वाजवायची? छे! वाजवली की झिजते. मुलगा मागून थकला. त्याच्या लग्नाला दुसरी धवलारीण मिळाली, कॅसेट वाचली.

तीस वर्षं गेली. नातीच्या, श्रावणीच्या लग्नाला मात्र गावात धवलारीण उरली नाही. मला सगळे धवले येतात, पण सासूच्या गळ्यापुढे माझं काय? श्रावणी म्हणाली, "आजी, मांडवात पणजीचा आवाज पायजे. बाकी काय मागत न्हाय." आता सांगा, जाणाऱ्या पोरीला नाही कसं म्हणायचं?

रेवदंड्याच्या दुरुस्तीवाल्याकडून जुना टेप आणला. साऊंडवाल्या संदेशने तो माझ्या उंचीच्या स्पीकरना जोडला. नवरी पाटावर बसली. सारा मांडव चिडीचूप. कॅसेट मी माझ्या हाताने घातली.

खर्रर्र झालं. मग कोंबड्या. मग विळीवर मासे साफ केल्याचा आवाज. आणि मग एक बाई:

"बायमा, तुला खरं सांगू? आमची म्हातारी आता गाते कुठं, बोकड कापल्यावानी वरडते. मी गायला लागले ना, तर तिला कोन बोलावनार पन न्हाय."

आवाज ओळखीचा वाटला. वाटणारच. माझाच होता!

आणि तीस वर्षांनी ती दुपार लख्ख आठवली. दीर बाजारात गेलेला. धवले ऐकावे म्हणून मी, तो भरताना दाबायचा तशी, दोन बटणं एकदम दाबली. आवाज येईना. म्हटलं, बॅटरी गेली. टेप ओटीवरच सोडला आणि शेजारच्या बायमाबरोबर मासे साफ करत बसले. म्हणजे बाई, मी सासूचे धवले पुसले आणि माझ्या चुगल्या कडुलिंबाच्या पाल्यात तीस वर्षं जपल्या!

संदेश भला माणूस. "पुढं असंल धवला," म्हणून त्याने कॅसेट पळवली. पुढेही मीच. आणखी पळवली. तिथे मी सासूच्या हातच्या माशाच्या आंबटाला नावं ठेवत होते. अगदी शेवटाला माझा आवाज थांबला. मी मासे धुवायला विहिरीवर गेले असणार. काठी टेकल्याचा आवाज आला, आणि सासूचा गळा. टेपशीच बोलत होती.

"लाल दिवा पेटलाय व्हय? म्हंजे तू पन ऐकलंस. आता तू कोनाला सांगू नको, मी बी सांगनार न्हाय."

टक. पट्टी संपली.

त्या दुपारनंतर सहा वर्षं म्हातारी माझ्या हातचं जेवली, शेवटचं पाणीही माझ्याच हातचं प्याली. एका शब्दाने बोलली नाही. आणि मी गावभर सांगत होते, आमच्या सासूला ऐकायला कमी येतं!

श्रावणीला पणजीचा आवाज मिळाला. डोळे पुसत ती म्हणाली, "आजी, आता धवला तूच गा." गायले. रडत, अडखळत, पण एक ओळ सोडली नाही.

संपल्यावर पहिल्या रांगेतून बोळक्या तोंडाची बायमा उठली. म्हटलं, डोळे पुसायला येतेय. जवळ येऊन म्हणाली, "तुला खरं सांगू? बोकड बरा होता."