वीतभरच काढायचंय

त्याला तोंडावर सगळे साहेब म्हणत आणि पाठ वळली की वीतभर. हे नाव त्याने स्वतःच्या जिभेने कमावलं होतं.

कारखान्यांची अवाढव्य यंत्रं वाहून नेणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. असलं धूड ट्रेलरवर चढलं की मागच्या चाकांची रांग संपता संपत नाही. ते रस्त्यावर येण्याआधी कुणीतरी पुढे जाऊन बघावं लागतं. कुठली तार उचलायची, कुठली फांदी छाटायची, कुणाची पायरी फोडायची, हे ठरवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे वीतभर. जीपच्या नाकावर उभा बांबू बांधायचा, तो जिथे अडेल तिथे उतरायचं, टेप लावायची आणि तांबड्या रंगाची रेघ ओढायची. काम एवढंच. पण माणसाचा तोरा बघावा तर ते सगळं धूड हा एकटा पाठीवर घेऊन निघालाय असं वाटावं.

रेघ ओढली की घरातून कुणीतरी हात पुसत बाहेर येई.

"अहो साहेब, किती जाईल?"

"वीतभरच काढायचंय, मावशी. घाबरू नका."

दुसऱ्या दिवशी घण घेऊन माणसं येत आणि त्या वीतभरात पायरी जाई, ओटा जाई, फाटकाचा एक खांबही जाई. मावशी डोळ्याला पदर लावून उभी राही. कंपनी नंतर बांधून द्यायची, नाही असं नाही, पण तिला सवड झाली म्हणजे. तोवर मावशीने घरात चढायचं कसं, हा वीतभरचा प्रश्न नव्हता. कुणी हुज्जत घातलीच तर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "रस्ता काय तुमच्या वडलांचा आहे?"

घरी आल्यावर तो हे सगळं जेवताना सांगे, आणि तेही हसत हसत. "चार विटांसाठी रडतात, वेडे कुठले!" मग ताटाभोवतीच्या दोन वाट्या उचलून तो रस्त्याचा कोपरा मांडी आणि लांब दांड्याचा झारा मधून फिरवी. तो झारा म्हणजे ट्रेलर. "बघ, वळणावर गाडीचं तोंड बाहेर जातं. सगळे मूर्ख तोंडाकडेच बघत बसतात. पण पोट आतल्या कोपऱ्याला घासतं. आपण पोट बघायचं!" बायकोने हे वळण लग्नापासून पाहिलं होतं. कढईतली भजी काढायला तिला तो झारा कधी वेळेवर मिळाला नाही.

आता या शहाण्याचं स्वतःचं घर कुठे असावं? अगदी गल्लीच्या कोपऱ्यावर. आणि घरापुढे पोर्च. बायकोने स्वयंपाकघराला एक खिडकी मागितली होती. तिथे भरदुपारी दिवा लावून तांदूळ निवडावे लागत. त्यावर हा म्हणाला, "खिडकी कोण बघतं? पोर्च चारचौघांना दिसतो." मग नक्षीचे दोन खांब उभे राहिले, चकचकीत लाद्या बसल्या आणि निम्मा कोपरा त्याने बेधडक गिळला. हातगाडीवाले त्या पोर्चला वळसा घालून जात आणि जाताना काहीतरी पुटपुटत. आत एक वेताची खुर्ची होती. तिच्यावर फक्त हाच बसायचा, पाय पसरून.

समोर, रस्त्यापलीकडे, शिवणवाली राहायची. नवरा गेल्यावर शिलाई मशीनवर तिने घर चालवलं. मागची खोली अंधारी होती आणि तिथे सासू अंथरुणाला खिळलेली. पुढे पत्र्याखाली जेवढा उजेड येई तेवढ्यात मशीन आणि कापडं बेतायचं टेबल. ते पत्र्याचं छप्पर गेलं असतं तर तिचा धंदाच बसला असता.

आणि झालं असं, की मोठ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला निघाला. एक प्रचंड लोखंडी मनोरा आडवा निजवून न्यायचा होता, तो याच कोपऱ्यावरून न्यायचं ठरलं.

वीतभर पाहणीला आला. स्वतःच्या पोर्चसमोर जीप थांबवून त्याने खांबांकडे पाहिलं. आयुष्यभर पोटाकडे बघणाऱ्या या माणसाला पोट कुठे घासणार हे कळलं नाही, असं समजण्याइतका भोळा वाचक नसावा. त्याला पुरतं कळलं होतं. तरी तो सरळ रस्ता ओलांडून गेला आणि शिवणवालीच्या दारात रेघ ओढून मोकळा झाला.

"दादा, मशीन कुठे ठेवू मग?" ती म्हणाली.

"वीतभरच काढायचंय, ताई. घाबरू नका."

असा निलाजरा!

त्या दिवशी जेवताना त्याने वाट्यांना हात लावला नाही. बायकोने मुद्दाम झारा ताटाजवळ ठेवला, तरी हा खाली मान घालून जेवत राहिला.

"उद्या वळण कसं घेणार?" तिने विचारलं.

"तोंड पलीकडे जाईल. तिचं थोडं काढावं लागेल."

"आणि पोट?"

"तुला काय कळतं त्यातलं?" तो खेकसला. तिने झारा उचलून आत नेला.

सकाळी मनोरा आला आणि कोपऱ्याच्या अलीकडे थांबला. गल्ली माणसांनी भरली. घणवाले समोर गेले, तर शिवणवाली मशीन सोडेना. "एवढी बाही होऊ दे," म्हणत तिने एक बाही लावली, मग दुसरी घेतली. तिचे पाय चालत होते आणि डोळे वाहत होते. घणवाले अवघडून उभे राहिले.

"बघत काय बसलात? उचला ते मशीन!" वीतभर ओरडला.

तेवढ्यात त्याची बायको बाहेर आली. तिच्या हातात झारा होता आणि दोन वाट्या. भर रस्त्यात, ट्रेलरच्या पुढ्यात, ती खाली बसली.

"अगं, काय हे? आत जा!"

तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ट्रेलरच्या ड्रायव्हरला, म्हाताऱ्या काकांना, तिने हाक मारली. "काका, इकडे या जरा. ही वाटी म्हणजे तिचं घर, ही आमचं. आता हा मी वळवते." तिने झारा फिरवला. तोंड पलीकडच्या वाटीपर्यंत गेलं, पोट अलीकडच्या वाटीला लागलं आणि वाटी खणकन कलंडली. "तिचं सगळं घर पाडलंत तरी गाडी इथेच अडकणार. आणि आमचं हे काढलंत तर तोंड एवढं लांब न्यायला लागतंय कशाला? मला रोज जेवताना शिकवलंय यांनी."

काकांनी वाकून पाहिलं, पोर्चकडे पाहिलं आणि मग वीतभरकडे. "वहिनी बरोबर सांगतायत, साहेब. तुम्हीच सांगता की, पोट बघा."

गल्ली खो खो हसली. हातगाडीवाल्यांना तर बोलायला आयतंच मिळालं. "साहेब, रस्ता काय तुमच्या वडलांचा आहे?" कुणीतरी मागून विचारलं. वीतभरच्या तोंडचं पाणी पळालं. तो खांबाला पाठ लावून उभा राहिला, चार विटांसाठी रडणाऱ्यांसारखाच.

"अगं, सगळा जाईल तो," तो बायकोला म्हणाला. आवाज पार चिरकला होता.

तिने वेताची खुर्ची उचलून आत नेली, परत आली आणि घणवाल्यांना वाट करून दिली.

"वीतभरच काढायचंय," ती म्हणाली. "घाबरू नका."

मनोरा गेला. पोर्च सपाट झाला. शिवणवालीचा पत्रा जिथल्या तिथे राहिला. बायकोने घणवाल्यांना जाऊ दिलं नाही. हात आहेतच तर स्वयंपाकघराच्या भिंतीला एक भोक पाडून द्या, म्हणाली.

पुढच्या खेपेला, भलत्याच गावात, एका म्हाताऱ्याने ओट्यावरची रेघ बघून विचारलं, "किती जाईल हो?" वीतभरने तोंड उघडलं. मागे घणवाले दात काढून उभे होते.

"सगळा जाईल, आजोबा," तो म्हणाला.

त्याला म्हाताऱ्याची कीव आली, असं कुणी समजू नये. त्याला घणवाल्यांची भीती वाटली.